खेकड्यांची चूल

आमच्या झिऱ्यातले खेकडे हिवाळ्यात चूल पेटवतात, ही गोष्ट मला सातवीपर्यंत पक्की ठाऊक होती. दिवाळी झाली की ते डोंगराच्या आत जातात, दगडाचं दार लोटून घेतात, काटक्या पेटवतात आणि होळीपर्यंत ती चूल विझू देत नाहीत. म्हणून तर माघातल्या कडाक्याच्या सकाळी झिऱ्यावर वाफ दिसायची आणि पाण्यात हात घातला की अंघोळीला काढल्यासारखं ऊन-ऊन लागायचं. होळीला चूल विझली की पाणी गार. वैशाखात तेच पाणी ओंजळीनं तोंडावर मारलं की डोळे निवायचे. ही सगळी माहिती मला आत्यानं दिली होती, आणि आत्यानं दिलेली माहिती तपासून बघायची आमच्या घरात रीत नव्हती. पुढं मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरी आजही थंडीत कुणाकडं हात धुताना नळाचं पाणी बोचलं, की मनात पहिल्यांदा येतं ते हेच, की यांच्याकडं खेकडे नाहीत वाटतं.

येडशीच्या रामलिंगाकडून डोंगराची जी रांग येते, तिच्या पायथ्याला आमचं गाव. गावातलं शेवटचं घर आमचं, आणि घरामागून पायवाटेनं वर गेलं की झिरा. काळ्या खडकाच्या भेगेतून मनगटाएवढी धार बाहेर यायची. जिथून यायची त्या जागेला आम्ही झिऱ्याचा डोळा म्हणायचो. डोळ्यासमोर एक चपटा दगड आडवा पडलेला होता, त्याच्याखाली खेकड्यांचं बिऱ्हाड. मग पुढं दगडानं बांधलेलं गुडघाभर पाण्याचं उघडं कुंड. डोळ्याच्या कडेनं हंसराजाची काळ्या देठाची नाजूक पानं लोंबायची, शेवाळ इतकं मऊ की गाल टेकावासा वाटे, आणि चतुरासारख्या निळ्या टाचण्या पाण्यावर बसल्याजागी थरथरत असायच्या. खेकडे लहान, मातकट, नाण्याएवढे. गावात खेकड्याचा रस्सा ओरपणारी घरं पुष्कळ होती, पण झिऱ्यातल्या खेकड्याला कुणी हात लावत नसे. चूल पेटवणाऱ्यालाच खाल्लं तर पाणी कोण तापवणार, हा रोकडा हिशेब.

आत्या म्हणजे साळूबाई, दादांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली. आली ती पाहुणी म्हणून नव्हे, कारभारी म्हणून. माझे वडील, म्हणजे दादा, तिला आक्का म्हणत. "आक्का म्हनंल तसं," हे त्यांचं घरातलं सगळ्यात लांब भाषण. आई आत्याच्या समोर मान हलवायची आणि पाठीमागं स्वतःला हवं तेच करायची. धाकटा भाऊ तेव्हा नुकता रांगत होता, त्यामुळं त्याचं मत कुणी विचारत नव्हतं. माझंही विचारत नव्हते, पण मी न विचारता देत असे, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

चार म्हशी होत्या आणि आत्याचं राज्य लोण्याचं होतं. पहाट फुटली की ताकमेढीच्या खांबाला रवी बांधली जायची, एका बाजूला आत्या, एका बाजूला मी. दोर ओढला की डेऱ्यातून घुर्रर्र, सोडला की घम्म. त्या आवाजावर माझी अर्धी झोप पुरी व्हायची. मी डोळे मिटून दोर ओढू शकत असे, आणि आत्या डोळे मिटूनसुद्धा मला झोपलेली ओळखू शकत असे. लोणी ही नखऱ्याची वस्तू. थंडीत दही आखडलं की ते वर यायलाच तयार नसतं, उन्हाळ्यात आलं तर पांगतं, गोळा होत नाही, ताकावर तेलासारखं तरंगत बसतं. दोन्ही रोगांवर आत्याचं औषध एकच, झिऱ्याच्या डोळ्यातून भरून आणलेली कळशी. माघात त्या ऊन पाण्याचा हबका मारला की लोणी सैल होऊन वर यायचं. वैशाखात त्याच गार पाण्याचा हबका मारला की घट्ट गोळा व्हायचं. गावातल्या बाकीच्या घरांत उन्हाळ्याचं लोणी वाटीत ओतावं लागे. आमचं लोणी आत्या हातावर उडवून झेलायची. त्याचं तूप तुळजापूरच्या एका पुजाऱ्याच्या घरी जायचं, आणि आत्याचं म्हणणं होतं की देवीला कोणतं तूप साळूबाईचं ते बरोबर कळतं. तूप कढवून झालं की भांड्याच्या बुडाची बेरी खरवडून, गूळ घालून ती माझ्या हातावर ठेवायची. ज्वारीची भाकरी, ताकाची कढी, शेंगदाण्याची चटणी आणि वर ही बेरी. आता डॉक्टरांनी यातलं निम्मं बंद केलं आहे आणि उरलेल्या निम्म्याला चव नाही.

मी सातवीत असताना गावच्या शाळेत शेख मास्तर आले. नळदुर्गकडचे, उंच, किडकिडीत, पांढऱ्या पँटीला कडक इस्त्री करणारे. गावात इस्त्री एकटी तीच, त्यामुळं लोक त्यांच्याशी जरा जपूनच बोलत. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर येडशीला जायचं. मास्तरांनी आल्या आल्या दादांना सांगितलं, की निर्मलेला आठवीला घाला, पोरीला प्रश्न पडतात. दादा म्हणाले, "आक्काला इचारतो." आक्कानं एका वाक्यात निकाल लावला, "तिला प्रश्न पडत्यात, पन रवीचा दुसरा दोर कोन वढनार, ह्यो प्रश्न मला पडतुया." मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे सगळ्यांसमोर जेवले नाही. आई मागच्या दारी भाकरी देत होती.

त्याच थंडीत मास्तरांनी एक दिवस वर्गात विचारलं, की झिऱ्याचं पाणी हिवाळ्यात ऊन का लागतं? मी हात वर करून खेकड्यांची चूल सांगितली. मास्तर हसले नाहीत, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. ते म्हणाले, "छान गोष्ट आहे. पण पाणी तापतही नाही आणि निवतही नाही. जमिनीच्या पोटात ना हिवाळा पोचतो ना उन्हाळा. पाणी बारा महिने एकसारखं असतं, आपण बदलतो. थंडीत हात गारठलेला असतो म्हणून ते ऊन लागतं." दुसऱ्या दिवशी पहाटे दोर ओढता ओढता मी हे आत्याला सांगून टाकलं.

घुर्रर्र झालं, घम्म झालंच नाही. रवी मधेच थांबली.

"कोन म्हनलं?"

"शेख मास्तर."

"म्हंजी माझी बोटं खोटं बोलत्यात व्हय? तीस वरसं पान्यात हात घालती म्या."

त्या दिवशी दुपारी आत्या शाळेत आली. एका हातात ताकाचा तांब्या होता, कारण भांडायला जातानाही रिकाम्या हातानं जायचं नाही, अशी तिची शिस्त. वर्गाच्या दारात उभी राहून तिनं आधी मास्तरांना ताक पाजलं, मग विचारलं, "मास्तर, आमचा झिरा उनाळ्यात गार पानी देतो आन हिवाळ्यात ऊन. त्याला तेवढी अक्कल हाय. तुमी त्याला बिनअकली म्हनलात का?"

"तौबा, आत्याबाई, असं कसं म्हणेन!" मास्तर मिशीवरचं ताक पुसत म्हणाले. "पण पाणी एकसारखं असतं, एवढं खरं. मोजून दाखवू?" शाळेला विज्ञानपेटी आली होती, तिच्यात एक लांबट तापमापी होता. काचेच्या नळीत चंदेरी पारा. मास्तरांनी तो दाखवला आणि मग, आज मला वाटतं अगदी ठरवून, हळूच जाळं टाकलं. "आत्ता मोजू, आणि वैशाखात मोजू. पारा एकाच जागी राहिला, तर निर्मला येडशीला जाणार. हलला, तर मी हरलो. मग ती घरी राहील, मी तिचं नाव काढणार नाही, आणि गावापुढं सांगेन की झिऱ्याला मास्तरापेक्षा जास्त कळतं."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं, तापमापीकडं पाहिलं. हरायची तिला शक्यताच दिसत नव्हती. "कबूल," ती म्हणाली.

अशा तऱ्हेनं माझं शिक्षण एका काचेच्या नळीत जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव झिऱ्यावर. मास्तर कुंडाच्या काठावर बसून तापमापी बुडवू लागले, तर आत्यानं त्यांचा हात धरला. "हितं न्हाय. जितं पानी जन्मतं तितं लावा, खेकड्याच्या दगडाखाली." मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले, दगडाखाली हात घातला, आणि घरमालकानं त्यांचा अंगठा धरला. मास्तर जे ओरडले ते उर्दूत होतं, त्यामुळं आमच्या ज्ञानात भर पडली नाही. पण तापमापी त्यांनी सोडला नाही. पारा थांबला तसं त्यांनी मला बोलावलं, आणि पाऱ्याचं टोक जिथं होतं तिथं नळीभोवती लाल दोरा मी बांधला. डोळ्यांत तेल घालून मी बघत होते, गाठ केसभरही इकडं-तिकडं होऊ नये म्हणून. रात्री आईनं कानात सांगितलं, "जरा सैल बांदायची हुतीस की, येडे. लागलं तर सरकवता आली असती." पण मास्तरांनी गाठीवर लाख वितळवून मोहोर केली होती. माझ्या प्रामाणिकपणात त्या लाखेचा वाटा मोठा आहे.

तापमापी कुणाकडं ठेवायचा यावर वाद झाला. शेवटी आत्या म्हणाली, देवापुढं ठेवा, तिथं कुणी लबाडी करणार नाही. तो आमच्या देव्हाऱ्यात उभा राहिला. आत्या रोज देवांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावायची. वैरी असला तरी पाहुणा होता. मी शाळेतून आले की आधी देव्हाऱ्यात डोकवायची. फाल्गुनात पारा दोऱ्याला टेकला. चैत्रात दोऱ्याच्या वर गेला, आणि मग रोज थोडा-थोडा चढत दोन बोटं वर गेला. मी कोपऱ्यात बसून हुंदके देऊन रडले. माझी शाळा बुडाली, आणि तीही देवादेखत! मास्तरांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. "अगं, तो तुमच्या घराची हवा मोजतोय. झिऱ्याची नाही. पाण्यात घातला की परत खाली येईल." माझा विश्वास बसला नाही. मला त्या दिवसांत काचेचीच स्वप्नं पडत.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गाव पुन्हा जमलं. ऊन असं, की दगडावर भाकरी भाजावी. धार बारीक झाली होती. सकाळपासून पोरं कुंडात डुंबून गेली होती आणि कुंडावर सावलीचा ठिपका नव्हता. मास्तर ताजी इस्त्री करून आले होते, आणि अंगठ्यावरची खूण त्यांना अजून आठवत असावी, कारण ते पाण्यात उतरलेच नाहीत. काठावर वाकून त्यांनी तापमापी कुंडात सोडला आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. पारा खाली आला, आणि दोऱ्याच्या वरच, बोटाच्या रुंदीएवढा वर, थांबला. मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. मी पाहिलं. पारा काही हलला नाही.

"आक्का जिंकली!" कुणीतरी ओरडलं.

"आरं, जिंकली कशी?" दुसरा म्हणाला. "ती म्हनत हुती उनाळ्यात पानी गार. हितं तर हिवाळ्यापरीस ऊन निगालं."

मग जो गलका उठला त्यात कोण काय म्हणत होतं ते देवाला ठाऊक. मास्तर मात्र उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "पारा हलला. मी हरलो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी कुंडाच्या काठावर उभी होते, आणि येडशीची शाळा, जी मी अजून पाहिलीसुद्धा नव्हती, ती माझ्या डोळ्यांपुढून चालत निघाली होती. आई पदर तोंडाला लावून उभी होती. दादा डोंगराकडं बघत होते. आत्यानं आता फक्त गप्प राहायचं होतं. पैज तिनं जिंकलीच होती. उद्या पहाटे रवीच्या दुसऱ्या दोराला मी, परवाही मीच.

आत्या गप्प राहिली नाही. तिचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हताच, कुणीतरी चारचौघांत तिच्या पोराला चोर म्हणावं तसा झाला होता. "थांबा," ती म्हणाली. लुगड्याचा काष्टा आवळला, पाण्यात उतरली आणि मास्तरांच्या हातातून तापमापी काढून घेतला. "मास्तर, तुमी चुकीच्या जाग्याला लावलंत. ह्ये कुंड हाय, झिरा न्हवं. कुंडाचं काय, दिसभर उनात पडल्यावर म्हशीची पाट बी तापती. खेकडं हितं का न्हाईत, तितं का हाईत, बगा की जरा! त्यास्नी कळतं, तुमास्नी न्हाय?"

तिनं चपट्या दगडाखाली कोपरापर्यंत हात घातला. खेकड्यांनी तिला काही केलं नाही; एकमेकांच्या ओळखीची होती ती. "निर्मे, हिकडं यी. तुजं डोळं तरणं हाईत. वाच."

मी झिऱ्याच्या डोळ्यापाशी पोटावर आडवी झाले, हनुवटी शेवाळात, नाक पाण्याला लागलेलं. स्वच्छ पाण्यातून लाल दोरा दिसत होता, आणि त्याच्यावरून पारा हळूहळू खाली येत होता. इतका हळू, की माझ्या मानेवरचा घाम ओघळून पाण्यात पडला. पारा दोऱ्याच्या कडेला आला आणि थांबला. मी वाट पाहिली. तो तिथंच.

"दोऱ्यावर हाय."

"नीट बग."

"दोऱ्यावरच हाय, आत्या."

आत्या पाण्यात तशीच उभी राहिली. मला तेव्हा कळलं नाही, पण त्या उभं राहण्यात किती पहाटा मोजून झाल्या असतील, हे आता कळतं. मग ती मास्तरांना म्हणाली, "न्या पोरीला. झिरा खरा हाय." आणि ओले पाय आपटत घराकडं निघून गेली. मास्तर पाण्यात उतरले, इस्त्रीच्या पँटीसकट, आणि तिच्या मागून मोठ्यांदा म्हणाले, "आत्याबाई, जागेची चूक माझी होती!" तिनं मागं न बघता हात उडवला.

त्या दिवशी संध्याकाळी तूप कढवलं. आत्यानं बेरी माझ्या हातावर ठेवली. मी धीर करून विचारलं, "आत्या, तुमी गप ऱ्हायला असता तर?"

"तर तू घरी ऱ्हायली असतीस, आन झिरा खोटा ठरला असता. खोट्या झिऱ्याचं लोनी देवीला पाठवू व्हय म्या?"

"पन मग पानी एकसारकंच असतं, ह्ये तरी पटलं का?"

"छ्या!" आत्या म्हणाली. "काच बधिर हाय ती. तिला ना घाम येतो, ना ती कुडकुडती. तिला काय कळतंय गार आन ऊन?" या मुद्द्यावर ती मरेपर्यंत ठाम होती, आणि वर्गात हा धडा शिकवताना मी पोरांना तिचं हे वाक्य दरवर्षी सांगत आले. ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा बरोबर आहे. जूनमध्ये मी येडशीला गेले. रवीचा दुसरा दोर दादांनी धरला. लोक हसले, दादा म्हणाले, "आक्का म्हनली," आणि विषय संपला. मास्तरांनी बदली होऊन जाताना तापमापी मलाच दिला. विज्ञानपेटीतून तो कसा सुटला हे मी विचारलं नाही. चांगल्या माणसांना फार प्रश्न विचारू नयेत.

इतक्या वर्षांत तो माझ्याबरोबर चार भाड्याची घरं आणि एक स्वतःचं घर फिरला. दोऱ्याचा लाल रंग उडाला, लाखेची मोहोर शाबूत आहे. धाकट्या भावाची नात ऋतुजा आता भूजल शिकते. आमच्या घराण्यात पाण्यात हात घालायची खोड आहे, ती एक पिढी सोडून उगवली. गेल्या वैशाखात ती माझ्याकडं धाराशिवला आली होती. तिला ही सगळी हकीकत सांगितली, तर ती ताडकन उठली. "आजी, दोरा आहे अजून? चला, उद्याच जाऊ." मी म्हटलं, अगं, पाणी एकसारखंच असतं, काय बघायचंय? त्यावर तिनं माझी पिशवी भरायला घेतली. हल्लीच्या मुली मोठ्यांना लगेच खोडून काढत नाहीत, आधी गाडीत बसवतात.

वाटेत तिनं मला समजावलं. मास्तर बरोबर होते, पण त्यांच्या काळापुरते. जमिनीच्या पोटात हिवाळा-उन्हाळा पोचत नाही, खरं आहे. तिथं पोचते ती वर्षानुवर्षांच्या ऊन-थंडीची गोळाबेरीज. वरची हवाच दर वर्षी थोडी-थोडी तापत गेली, की ती ऊब हळूहळू खाली झिरपते. त्यात डोंगर बोडका झाला की माती उघड्यावर तापते. आणि जे जीव पिढ्यान् पिढ्या एकाच उबेच्या पाण्यात राहिले, त्यांना एवढासा फरकही फार होतो, कारण त्यांना सवयच नसते. आपण पंखा लावतो. खेकडा काय लावणार?

झिरा आहे अजून. कुंडाला कुठल्याशा योजनेत सिमेंट लागलं आहे, धार करंगळीएवढी उरली आहे. हंसराज एका फटीत, तोही कडेनं तांबूस. भाच्याच्या बायकोनं, म्हणजे ऋतुजाच्या आईनं, आम्हाला ताक दिलं. विजेची रवी आहे आता, आणि लोणी गोळा व्हायला ती फ्रिजमधला बर्फ घालते. "झिऱ्याच्या पाण्यानं गोळा होत न्हाय आत्याबाई, पांगतंय," ती सहज म्हणाली, आणि मी तांब्या खाली ठेवला. खेकड्यांचं विचारलं, तर म्हणाली, पावसाळ्यात खालच्या ओढ्याला दिसतात, वर झिऱ्यावर नाहीत. ते पाणी ऊन झाल्यानं गेले, की कमी झाल्यानं, हे ऋतुजाही छातीठोक सांगत नाही. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणते, म्हणून मला ती आवडते.

निघायच्या आधी तिनं तिच्याकडचं नवं यंत्र आणि माझा तापमापी एका तांब्यात उभे करून पडताळले होते, दोघांचं जमलं. "तुमची काच म्हातारी झाली नाही, आजी," ती म्हणाली. मी मात्र झाले आहे, त्यामुळं डोळ्यापाशी पोटावर आडवं व्हायला मला दोन माणसं लागली. हनुवटी शेवाळात टेकावी म्हटलं तर शेवाळ नव्हतं, दगडच होता. चपट्या दगडाखाली हात घातला. इतक्या वर्षांनीही, मास्तरांना आठवून, अंगठा आपोआप आखडला होता. चावायला कुणी नव्हतं. आणि मी रडले, सांगायला लाज कसली; एका खेकड्यानं चावावं म्हणून पंच्याहत्तरीची बाई पालथी पडून रडली.

पारा खाली आला. दोऱ्यापर्यंत आला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा वर थांबला. ऋतुजा वही उघडून बसली होती. मी वाट पाहिली, पारा हलेना.

आणि मग मला बरं वाटलं, कारण आत्या आठवली. काष्टा आवळून पाण्यात उतरलेली, मास्तरांच्या हातातून काच काढून घेणारी. चुकीच्या जाग्याला लावलंत! मी ऋतुजाला म्हटलं, "थांब, लिहू नकोस." दगड बाजूला सरकवायला लावला, खांद्यापर्यंत हात आत घातला, भेगेच्या तोंडाशी, जिथं पाणी जन्मतं तिथं, बोटांना खडकातून येणारी धार लागेपर्यंत. तिथं काच धरली आणि ऋतुजाला म्हटलं, तुझे डोळे तरणे आहेत, वाच.

"दोऱ्याच्या वर आहे, आजी."

"नीट बघ."

"वरच आहे. तेवढाच."

मी हात काढला नाही. तो आणखी आत जाईना, तेव्हा तिथंच सगळीकडं बोटं फिरवून पाहिली. जागा बरोबर होती.